स्टेटसला टाकू नका हं, ताई!

पार्लर चालवणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते जिना चढून येतात आणि खुर्चीत बसतात! आयब्रो करताना गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले असतात, फेशियलला मान मागे टाकलेली असते. समोरचं माणूस दिसत नसलं की बाई मोकळी होते. मी दर वेळी सांगते, "आता पॅक लावलाय, बोलायचं नाही. भेगा पडतात." भेगा पडतात, पण बोलणं काही थांबत नाही.

आमचं पार्लर देवळाली प्रवरेत, अगदी रस्त्याला लागून. खाली खतं-औषधांचं दुकान, बाजूने जिना, वर आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ पूजा. केस, मेंदी, नवरीचा मेकअप असं सगळं दोघी मिळून करतो. मोबाईलचा कारभार मात्र पूजाकडे. पार्लरचं पेज तीच सांभाळते, फोटो तीच टाकते, खाली येणाऱ्या बदामांना तीच उत्तरं देते.

सुरुवातीला बायका सासूचं सांगायच्या, नणंदेचं सांगायच्या. अजूनही सांगतात. पण हल्ली निम्म्या गोष्टी फोटोच्या असतात. कुणी टाकला, कुणी बघितला, कुणी उचलला, कुणी काढायला लावला. पूर्वी लग्नाचा अल्बम कपाटात असायचा. पाहुणे आले की चहाबरोबर बाहेर यायचा आणि कपबशा उचलल्या की परत कपाटात जायचा. आता मेकअप पुरा व्हायच्या आत फोटो साऱ्या तालुक्यात फिरलेला असतो! त्यामुळे खुर्चीत बसताबसताच बायका बजावतात, "स्टेटसला टाकू नका हं, ताई!"

आणि मग घरी जाऊन स्वतःच टाकतात.

*

आमच्याकडे एक शिक्षिका येतात. नाव सांगत नाही, कारण त्या अजून त्याच शाळेत आहेत.

त्यांना केस स्ट्रेट करून घ्यायचे होते. त्या कामाला बराच वेळ जातो आणि रविवारी आमच्याकडे नवरीमुलींची गर्दी. मग बाईंनी मधल्या वारी शाळेत ताप आल्याचं कळवलं आणि सकाळीच आमच्याकडे हजर झाल्या. संध्याकाळी केस असे झाले की बाई आरशासमोरून हलेनात. मान इकडे, मान तिकडे. एक सेल्फी काढला आणि लगेच स्टेटसला टाकला.

पूजा घाबरली. "अहो बाई, तुम्ही आजारी आहात ना? हेडसर बघतील!"

"सरांना हाईड केलंय," बाई म्हणाल्या. "मी काय एवढी खुळी आहे का?"

सरांना हाईड केलं होतं हे खरं. पण सरांच्या मिसेस बाईंच्याच भिशीत होत्या, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मिसेसनी संध्याकाळी कौतुकाने सरांनाच विचारलं, "अहो, तुमच्या बाईंनी केस कुठून करून घेतले, विचाराल का जरा?"

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी अगदी मायेने चौकशी केली. "बाई, ताप कसा आहे?"

"उतरला सर."

"उतरणारच! केससुद्धा सरळ झाले."

पुढच्या आठवड्यात सरांच्या मिसेस आल्या आमच्याकडे. बाईंसारखेच केस पाहिजेत म्हणाल्या.

*

एक लहानसा किस्सा सांगते. आमची एक मैत्रीण आहे, सुरेखा. तिच्या मोबाईलमध्ये फिल्टर आहेत. डोळे मोठे, नाक बारीक, रंग दुधासारखा. पूजा तिला सारखी टोकते, "अकाउंट सगळ्यांना उघडं नको ठेवूस. कुणीतरी फोटो उचलून भलतीकडे लावेल."

सुरेखा निवांत. "लावू दे की! आमच्या घरी विचारलं तर मी सांगेन, ही मी नाहीच."

"विश्वास ठेवतील?"

"परवा आमचे हेच म्हणाले, ही कोण गं?"

*

आमच्या गल्लीतल्या एका सुनेला मुलगी झाली. सून पुण्यात कंप्युटरवर काम करणारी, माहेरी बाळंतपण करून बाळाला घेऊन सासरी आली. आल्या दिवशीच तिने घरात सांगितलं, "बाळाचा फोटो कुणी कुठेही टाकायचा नाही. तिला अजून बोलताही येत नाही. तिला न विचारता तिचा चेहरा जगाला का दाखवायचा?"

घरात सगळ्यांना वाटलं, आता सासूबाई भडकणार. त्या दोघींचं कधी मिठावरही एकमत झालेलं नाही. पण सासूबाई म्हणाल्या, "बरोबर बोलतीय ती. नजर लागते. शेजारणीची तर लई लागते."

सून म्हणाली, "नजर नाही हो आई, प्रायव्हसी."

"तेच ते!"

असं त्या घरात पहिल्यांदा सासू-सुनेचं जमलं. राहता राहिले आजोबा. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबा साखर कारखान्यातून रिटायर झालेले. सकाळी फिरायला जातात, त्या मित्रांचा त्यांचा एक ग्रुप आहे. मित्र सगळे मागे लागलेले, "आबा, नात दाखवा!" आणि आबांना तर कधी एकदा दाखवतो असं झालेलं.

शेवटी सुनेला दया आली. तिने स्वतः एक फोटो करून दिला. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आणि बाळाच्या तोंडावर मोठा पिवळा हसरा गोळा. कपाळ नाही, नाक नाही, कानसुद्धा नाही. "हा टाका आबा. यात काही दिसत नाही."

आबा जरा हिरमुसले, पण टाकला. आणि धडाधड उत्तरं आली. एकाने हात जोडले, एकाने पेढे मागितले. आणि त्यांच्या सगळ्यात जुन्या मित्राने लिहिलं,

"अगदी तुमच्यावर गेलीय!"

मी बाळाला बघायला गेले, तेव्हा आबा ते सगळ्यांना वाचून दाखवत होते. सुनेने माझ्याकडे बघून हसू दाबलं. म्हातारा माणूस एवढा खूश होता!

*

आता जरा वेगळं सांगते.

वैशाली आमची जुनी नवरी. म्हणजे तिच्या लग्नाचा मेकअप आम्ही केला होता. तिच्या फोटोने आमचं नाव झालं. हिरवा शालू, नाकात नथ, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून वळून बघितलेलं. तिला विचारूनच पूजाने तो पेजवर लावला होता. वैशाली दिली पण देवळालीतच, आमच्या मागच्या गल्लीत. आता तिला मुलगाही आहे, चालायला लागलेला.

एक दिवस पार्लरखाली एक जीप थांबली. एक वयस्क बाई आणि त्यांचा भाऊ जिना चढून वर आले. बाईंच्या डोक्यावर पदर, पायांत धुळीच्या चपला. मला वाटलं, लग्नाचं बुकिंग असेल. बाई म्हणाल्या, "आमी काष्टीहून आलोय. आमाला मेकप नको. ही पोरगी कुठली हाय, तेवढं सांगा."

त्यांच्या भावाने मोबाईल पुढे केला. वैशाली! हिरवा शालू, नथ, सगळं तेच. फोटोचा खालचा कोपरा कापलेला होता, पण आमच्या पार्लरच्या नावातली अर्धी अक्षरं तशीच राहिली होती. त्या अर्ध्या अक्षरांवरून विचारत विचारत ते इथवर आले होते.

गोष्ट अशी होती. बाईंचा मुलगा शेती करतो. घरचं चांगलं आहे, पण शेतकरी म्हणून मुलगी कुणी देत नाही. वय वाढत चाललं. मग एक एजंट भेटला. त्याने हा फोटो दाखवला. म्हणाला, पोरगी गरिबाघरची आहे, आईबाप नाहीत, लाजते, म्हणून आधी भेटायची नाही. एकदम लग्नाच्या दिवशी आणून उभी करतो. मुलगा फोटो बघून हो म्हणाला. आईला मात्र चैन पडेना.

"आईबाप न्हाईत म्हनतो," बाई म्हणाल्या, "मग एवढा भारी शालू घेतला कुनी?"

पूजाने वैशालीला फोन केला. ती जशी होती तशी आली. घरातला गाऊन, वर ओढणी, कडेवर पोरगं. बाईंनी मोबाईलकडे बघितलं, वैशालीकडे बघितलं, परत मोबाईलकडे.

"पोरगी हीच हाय," त्या भावाला म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "पर कडेवर कोन हाय?"

"माझा मुलगा," वैशाली म्हणाली.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. वैशालीला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा ती संतापाने लाल झाली. आपला फोटो दाखवून कुणीतरी आपलं लग्न ठरवतोय, आणि आपण घरात पोळ्या लाटतोय! तिने एजंटचं नाव विचारलं, नंबर विचारला. नंबर लावला तर बंद.

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मुलगा इतका वेळ जीपमध्येच बसून होता. तो दारापर्यंत आला, पण आत आला नाही. चांगला उंचापुरा, पांढरा शर्ट घातलेला. खाली बघूनच बोलला, "ताई, तुमचा फोटू मी मोबाईलला लावला हुता. मला म्हाईत नव्हतं. आत्ता काढला. बघा."

आणि त्याने खरंच मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर ट्रॅक्टर होता. लाल, हार घातलेला.

वैशालीचा राग तोवर कुठल्या कुठे गेला होता. तिने फोटो नीट बघितला आणि विचारलं,

"हा तरी तुमचाच आहे ना?"

"व्हय," तो म्हणाला, "ह्यो माझाच हाय."

जाताना बाईंनी वैशालीच्या पोराच्या हातात खाऊला नोट ठेवली. वैशालीने तक्रार दिली, त्या मायलेकांनीही दिली. तेव्हापासून पूजा नवरीचा फोटो टाकायचा असेल तर पाठमोरा टाकते. अंबाडा दिसतो, गजरा दिसतो, चेहरा नाही. गिऱ्हाईक काही कमी झालेलं नाही.

*

प्रतीक्षा बी.एस्सी.ला होती. गावाबाहेर वस्तीवर घर, वडील उसाची शेती करतात. एक दिवस आईला घेऊन आली आणि खुर्चीत बसून म्हणाली, "केस बारीक कापा. एकदम बारीक. मी ओळखू येता कामा नये."

कमरेपर्यंत केस होते पोरीचे! मी कात्री बाजूला ठेवली. "झालंय काय?"

आधी रडली, मग सांगितलं. तिच्या अकाउंटवरचे फोटो उचलून कुणीतरी तिच्याच नावाने दुसरं अकाउंट काढलं होतं. त्यावर घाणेरडं लिहिलेलं. कॉलेजातल्या मुलांना तिच्या नावाने मेसेज जात होते. मुलं तिच्याकडे बघून हसत होती आणि तिला कळत नव्हतं का हसतात.

पूजाने तिच्याजवळ बसून सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यायला लावले. "भीतीने काही डिलीट करू नको. पुरावा पाहिजे." मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवरून त्या अकाउंटची तक्रार केली. पण ठाण्यात जायचं तर वडिलांना सांगणं भाग होतं. आणि तिची खरी भीती तीच होती.

"अण्णा कॉलेज बंद करतील, ताई. आणि अण्णांनी नाही केलं तर मोठे बाबा करतील."

मोठे बाबा म्हणजे तिचे थोरले चुलते. त्या घरात सगळे निर्णय त्यांचे. अण्णा त्यांच्यापुढे कधी खुर्चीतसुद्धा बसत नाहीत.

आणि नेमके मायलेकींना न्यायला दोघे भाऊ दोन मोटरसायकलींवरून आले. आम्ही त्यांना वर बोलावलं. अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायला गेलो तर ते उभेच राहिले. बसले मोठे बाबा. आईने कसंबसं सगळं सांगितलं. प्रतीक्षा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी.

मोठ्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरीच्या जातीनं फोटू टाकायचाच कशाला? टाकला न्हाई तर चोरीला जाईल कसा?"

मला वाटलं, संपलं या पोरीचं कॉलेज.

तेवढ्यात अण्णांनी टोपी काढली, हातात धरली आणि खाली बघत बघत बोलले, "दादा, माघारच्या साली आपल्या मोटरीची केबल चोरीला गेली."

"मग?"

"तवा तुमी चोराला शिव्या दिल्या. मोटर बसवलीच कशाला, असं न्हाई म्हनला."

मोठ्या बाबांनी अण्णांकडे असं बघितलं, जसा हा भाऊ आजच भेटलाय. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल, गाडी काढ," म्हणाले. "ठान्यात मीबी येतो. त्या सायबाला म्होरं मी बोलतो."

अकाउंट बंद झालं. कुणी केलं तेही सापडलं, तिच्याच वर्गातला निघाला. प्रतीक्षाने केस कापले नाहीत. आता एम.एस्सी. करते नगरला.

*

शेवटी मंगलचा सांगते.

मंगल आमच्याकडे कामाला आली खर्डा गावाकडून. तिचे आईवडील ऊसतोडीला इकडे यायचे. लहानपणी कोप्यांमध्ये, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत राहिलेली, म्हणून हा भाग तिच्या ओळखीचा. आली तेव्हा हातात एक पिशवी आणि बोटाला लेक. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "ताई, सांगाल ते काम करीन. फकस्त माझा फोटू कुठं जाऊ देऊ नका."

मी विचारलं, का गं?

तिने डावा हात पुढे केला. तो कोपरात पूर्ण सरळ होत नाही. "नवऱ्यानं मोडला," ती म्हणाली. "आता त्यो हुडकायलाय मला."

मी तिची पिशवी आत ठेवून घेतली.

मंगलचा हात वाकडा, पण दोरा असा चालायचा की बायका आयब्रोसाठी तिच्याच खुर्चीपुढे थांबायच्या. हळदीकुंकू असो, कुणाचा वाढदिवस असो, फोटोची वेळ आली की ती कुठेतरी मागच्या खोलीत असायची. पूजा तर फोटो टाकायच्या आधी मोठा करकरून बघायची. कारण पार्लरमध्ये जिकडे तिकडे आरसे! माणूस उभं एका कोपऱ्यात आणि दिसतं चहूकडे.

एवढं करूनही व्हायचं ते झालं. एका नवरीच्या बहिणीने तयारीचं रील काढलं. नवरी आरशात बघून हसतेय, मागे गाणं. आणि त्याच आरशात अंबाड्याला पिना लावणारी मंगल. क्षणभरच, पण चेहरा पूर्ण. रील त्या बहिणीच्या अकाउंटवर गेलं, आम्हाला पत्ताही नाही. नवरी हसली होतीच अशी गोड की ते कुठल्या कुठे पोचलं.

मंगलने ते स्वतःच्या मोबाईलवर बघितलं, तेव्हा ती जेवत होती. डबा तसाच बंद केला आणि पिशवी भरायला लागली. "जाते ताई. पोरीला घेऊन जाते."

"जाणार कुठे?"



मी त्या नवरीला फोन लावला. तिच्या सासरी सत्यनारायण चालू होता, मागे आरती ऐकू येत होती. मी म्हटलं, "तुझं ते रील काढून टाकशील का गं? कारण मला सांगता येणार नाही, पण—"

"नका सांगू ताई. काढायला लावते." आरती संपायच्या आत रील गेलेलं होतं.

मंगल थांबली. पण खर्ड्यापर्यंत जायचं ते गेलं होतं, आमच्या पार्लरच्या नावासकट.

नंतरची एक सकाळ. लग्नसराईचे दिवस, पार्लर भरलेलं. एकीच्या तोंडावर पांढरा पॅक, एकीच्या केसांत चांदीचे कागद, एकीचे दोन्ही हात मेंदीने भरलेले. आणि कमलबाई. कमलबाई वस्तीवरच्या, वयाने आम्हा सगळ्यांत मोठ्या, केसांना काळा डाय लावून वर प्लास्टिकची टोपी घालून बसलेल्या.

मंगल खिडकीपाशी टॉवेल झटकत होती. एकदम मागे सरली. खाली खतांच्या दुकानासमोर एक माणूस उभा होता. गळ्यात गमछा. दुकानदाराला मोबाईल दाखवून काहीतरी विचारत होता. दुकानदार मान हलवून नाही नाही करत होता, पण त्या माणसाची नजर आमच्या बोर्डावर गेली होती.

मंगल वॅक्सिंगच्या खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. पूजा पोलिसांना फोन लावायला लागली.

"मंगे!" खालून हाक आली. "खाली ये! न्हायतर मी वर येतो!"

कुणी हललं नाही. तेवढ्यात कमलबाई खुर्चीतून उठल्या.

"कोन रं हाय तिकडं?"

त्या जिन्यात गेल्या, तशा त्यांच्या मागून सगळ्याच गेल्या. तो दोन-चार पायऱ्या चढून आला होता. वर बघितलं आणि जागच्या जागी थांबला. पांढरंफटक तोंड घेतलेली एक, डोक्यावर चांदीचे कागद थरथरतायत अशी एक, काळ्या डायचे ओघळ कानावर आलेल्या कमलबाई! सकाळच्या उन्हात असं काही समोर आलं तर कुणीही थांबेल.

कमलबाईंनी मोबाईल त्याच्यावर धरला. "बोल. काय म्हनत हुतास? परत बोल. रेकॉर्डिंग चालू हाय."

मग सगळ्यांचे मोबाईल वर गेले. मेंदीवाली मागून ओरडली, "माझ्या पर्समधला माझाबी कुणीतरी काढा गं!"

तो गडबडला. आधी हात आडवा धरला, मग गमछाच तोंडावर ओढला. आणि गमछ्याच्या आतून ओरडला,

"ए! फोटू काढू नका! इचारल्याबिगर फोटू काढता व्हय?"

आतल्या खोलीची कडी वाजली. मंगल बाहेर आली. बायकांच्या मधून वाट काढत सगळ्यांच्या पुढे, वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर नाही, काही नाही. तिच्याही हातात मोबाईल होता. तो तिच्याकडे बघत उलट्या पावलांनी उतरला, शेवटच्या पायरीवर अडखळला, गमछा पडला, आणि खाली दुकानदाराने आणि खत घ्यायला आलेल्या माणसांनी त्याला धरला.

पोलीस आले. त्यातल्या साहेबांनी वर येऊन विचारलं, "धमकी देतानाचा व्हिडिओ आहे म्हणालात. कुणाकडे आहे?"

सगळ्याच पुढे झाल्या. पॅकवालीच्या मोबाईलमध्ये जिन्याचा कठडा होता. कागदवालीच्या मोबाईलमध्ये तिचंच बोट. कमलबाईंनी मोठ्या ऐटीत आपला दिला. साहेबांनी लावला, थोडा वेळ बघितला आणि परत केला. सेल्फीचा कॅमेरा चालू होता! पहिल्यापासून शेवटपर्यंत प्लास्टिकच्या टोपीतल्या कमलबाई. "बोल! परत बोल!"

साहेबांनाही हसू आवरेना. "अहो, पण त्याचा चेहरा कुणाकडे आहे का?"

"माझ्यात हाय," मंगल म्हणाली.

वाकड्या हाताने तिने मोबाईल पुढे केला. साहेबांनी बघितलं. चित्र जरासुद्धा हललेलं नव्हतं.

"तुमचं नाव?" त्यांनी विचारलं.

मंगलने नाव सांगितलं. पूर्ण नाव, गावासकट. मग पूजाकडे वळून म्हणाली,

"आता माझा एक काढा. चांगला काढा, आरशातला नको."